वाळला का जी?

श्रावण संपत आला की माझ्याकडे बैल येतात. लाकडी, चाकांवरचे. कुणाचा वीतभर, कुणाचा दोघांनी उचलून आणावा एवढा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, लहान मुलांचा तान्हा पोळा भरतो, आणि सिंदीच्या तान्ह्या पोळ्याचं विदर्भात नाव आहे. नंदी रंगवण्यात कुचराई चालत नाही. पंचाईत एवढीच की हा सण ऐन झडीत येतो.

सूर्य दिसत नाही. लाकूड फुगून भरलेली लांबी बाहेर ढकलतं. ऑइल पेंटचा एक हात द्यायचा, नंदी पंख्याखाली ठेवायचा आणि वाट बघायची. हा रंग पाण्यासारखा उडून जात नाही. त्यातलं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि गार, दमट हवेत ते काम रेंगाळतं. घाईनं दुसरा हात मारला की रंग सुरकुततो. दारात पोरगं रोज हजर, "काका, वाळला का जी?"

"उद्या ये."

मे महिन्यात सगळं उलट. हौस म्हणून मी जलरंगात शेतं रंगवतो. पारा पंचेचाळिशीला टेकला की वॉश कागदभर पसरायच्या आत त्याची कड वाळते आणि आभाळात नको तिथे रेघ उमटते. ओल्यात ओलं मिसळायची चैन पावसाळ्यातली. माझ्या उन्हाळी चित्रांतल्या ठसठशीत कडा पाहून लोक म्हणतात, हात सफाईदार आहे. हात कसला, ऊन!

आणि आमची काळी माती. उन्हाळ्यात ती काळी नसतेच. भेगाळलेली, राखाडी असते. दोन पाऊस पडले की काळीभोर होते. कित्येक वर्षं मी तिला बारमाही काळी रंगवली, कारण नावच काळी. खरं तर जे रंगवायचं ते दिसेपर्यंत थांबावं लागतं. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा तळ्यातला संध्यामठ रंगवला. तळं भरलं की तो मठ पाण्याखाली जातो. पाणी उतरेपर्यंत चित्रकारानं थांबायचं. मला थांबणं उशिरा जमलं, तेही मातीपुरतं. नंदीच्या बाबतीत अजून नाही.

यंदा अमावास्येच्या रात्रीपर्यंत झड होती. सकाळी पोरानं नंदी उचलला तेव्हा पाठीवरचा पांढरा रंग अजून चिकट होता. मिरवणुकीत तो तसाच गेला. त्या पाठीवर पाच बोटं उमटली आहेत, आणि ती पुसून परत रंगवायला पोरगं तयार नाही.