झाकणावरचं पाणी

होळी झाली की मंडईचा रंग पालटतो. मटाराच्या शेंगा पिवळट पडतात, गाजराच्या पोटात काष्ठ धरतं, मेथीची जुडी घरी नेईपर्यंत मलूल होते. फ्लॉवरचे गड्डे मागे सरकतात आणि पुढच्या पाट्यांत हिरव्याच्या नाना छटा येऊन बसतात : काकडी, दुधी, दोडका, पडवळ, ढेमसं, कारलं. शेजारी भेंडी आणि गवार. यातलं काही ताटात दिसलं की शाळकरी मुलं नाक मुरडतात. मोठी माणसंही ‘आज भाजीला काहीच नाही, दुधीच आहे’ असं सहज बोलून जातात. दुधीवर हा अन्याय आहे. चाळीस अंशांच्या दुपारी पोटाला मानवेल, अर्ध्या तासात होईल आणि स्वयंपाकघर तापवणार नाही, असं जेवण या भाज्यांइतकं दुसरं कुणी देत नाही.

भेंडी-गवार सोडली तर ही सारी मंडळी एकाच कुळातली, वेलींची. कलिंगड आणि खरबूज ही त्यांचीच भावंडं. उन्हाळ्यात वैनगंगेसारख्या नद्यांची पात्रं उघडी पडली की वाळूत खड्डे घेऊन, त्यांत शेणखत भरून काकडी-टरबुजाच्या वाड्या लावल्या जातात. वरची वाळू पाय भाजणारी, खाली मात्र ओल टिकून असते. त्या ओलीवर वेल पसरतो आणि फळात मुख्यतः पाणीच साठवतो. काकडीच्या आणि दुधीच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणी असतं; दोडका-पडवळही फार मागे नाहीत. अर्धा किलो दोडके आणले, तर त्यातलं पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास पाणीच. उन्हाळ्यातल्या स्वयंपाकाची खुबी या पाण्यात आहे. कुठे ते राखायचं, कुठे काढायचं आणि कुठे त्याला बाहेरच पडू द्यायचं नाही, एवढं कळलं की पाककृतीचं पुस्तक उघडावं लागत नाही.

दोडक्याची भाजी पाहा. तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद, चार लसणाच्या पाकळ्या आणि एखादी हिरवी मिरची. त्यावर दोडक्याच्या फोडी आणि मूठभर भिजवलेली मुगाची डाळ. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. कढईवर खोलगट ताट ठेवायचं आणि त्या ताटात वाटीभर पाणी ओतायचं. मराठी घरांतली ही जुनी रीत आहे आणि तिच्यामागचं शास्त्र अगदी सरळ. वरच्या पाण्यामुळे ताट गार राहतं, भाजीतून उठलेली वाफ त्याच्या तळाला लागून निवते आणि थेंब होऊन परत भाजीतच पडते. दोडका स्वतःच्याच रसात शिजतो. मधेच कढई कोरडी वाटली, तर ताटातलं पाणी तोवर गरम झालेलं असतं. त्यातलंच पळीभर आत सोडायचं. गार पाण्याने भाजीची उकळी मोडते, डाळ दडस राहते. गरम पाण्याला तो दोष नाही.

मीठ मात्र भाजी बसल्यावरच घालावं. कढई भरून वाटणाऱ्या फोडी दहा मिनिटांत निम्म्याहून कमी होतात, आणि सुरुवातीच्या अंदाजाने मीठ घातलेली भाजी हमखास खारट होते. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७०पासून वाटी-चमच्याच्या मापांनी कित्येक नवख्या हातांना स्वयंपाक शिकवला. पण कुठल्या दोडक्याला किती पाणी सुटेल, हे कुठल्याच वाटीत मोजून ठेवता येत नाही. ते झाकण उचलून बघावं लागतं.

भाजीआधी सोललेल्या शिरा टाकून देण्याइतका करंटेपणा नाही. कोवळ्या दोडक्याच्या शिरा किसणीवर काढाव्यात किंवा सुरीने बारीक चिराव्यात, चमचाभर तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परताव्यात. मग तीळ, किसलेलं सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ आणि चिमूटभर साखर. ही कोरडी चटणी ज्वारीच्या भाकरीबरोबर दही घेऊन खाल्ली तर भाजी कमी पडली तरी चालते. दुधीच्या सालीचीही अशीच करतात. साल कोवळी हवी, एवढंच.

दुधीच्या बाबतीत एक गोष्ट मनापासून सांगायला हवी. चिरण्याआधी एक तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्यावा. मसाला, गूळ, चिंच यांनी ती चव झाकायला जाऊ नये. या कुळातल्या फळांत कुकर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. नेहमीच्या दुधीत ती नगण्य असतात, पण एखाद्या फळात एकदम वाढतात आणि शिजवूनही जात नाहीत. कडू दुधीच्या रसाने माणसं गंभीर आजारी पडली आहेत, दगावलीही आहेत. काटकसर इथे कामाची नाही.

गोडसर निघालेला दुधी मात्र फार गुणी. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, थोडा गोडा मसाला आणि वरून ओलं खोबरं घातलं की साधी भाजी होते. त्याहून सोपं भरीत. फोडी वाफवायच्या, रवीने किंवा हाताने मोडायच्या, गार झाल्या की घट्ट दही, मीठ, साखर आणि वरून जिरं-मिरचीची फोडणी. ताटात गार पडणारा हा पदार्थ आहे आणि उन्हाळ्यात गार पडणं हाच त्याचा मोठा गुण. फोडी गरम असताना दही घातलं तर ते फुटतं, म्हणून तेवढा धीर धरावा.

काकडीचं पाणी मात्र चकवतं. खमंग काकडीसाठी ती विळीवर चोचवून घेतात; किसलेल्या काकडीला तो दात लागण्याचा आनंद नाही. मीठ लागताच काकडी पाणी सोडू लागते, कारण मीठ तिच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढतं. म्हणून दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू, साखर, मिरची आणि हिंगाची फोडणी सगळं तयार ठेवावं, नि मीठ पानं वाढताना घालावं. आधी काकडी पिळून घेण्याचीही पद्धत आहे. तसं केलं तर ते हिरवट पाणी थालीपिठाच्या भाजणीत घालून पीठ मळावं. थालीपीठ मऊ होतं आणि पाणीही सत्कारणी लागतं.

भेंडी या सगळ्यांच्या उलट वागते. तिच्यातला चिकट रस पाण्याशी भेटला की तार धरतो. म्हणून भेंडी धुऊन, पुसून, कोरडी करून मगच चिरतात. तिच्यावर झाकण ठेवत नाहीत, आणि परतताना एक-दोन आमसुलं किंवा थोडं लिंबू टाकतात. आंबटाने तार तुटते.

विदर्भात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा तिथे ढेमशाचा आधार असतो : लहान, गोल, कोवळं ढेमसं चार भागांत चिरून, तळ जोडलेला ठेवून त्यात दाण्याचं कूट, तीळ, धने-जिऱ्याची पूड आणि काळा मसाला भरतात. झाकणावरचं पाणी इथेही येतंच. आणि भाजीवाला फिरकलाच नाही त्या दिवशी कैरी-कांद्याचा तक्कू. कैरी आणि कांदा किसायचा, गूळ, तिखट, मीठ घालायचं, वर मोहरी-मेथीची चुरचुरीत फोडणी. पाच मिनिटांचं काम.

कोकणात याच दिवसांत फणसाची कोवळी कुयरी उतरते. हाताला आणि सुरीला तेल लावून ती सोलावी लागते, नाहीतर चीक दिवसभर सुटत नाही. वाफवून, ठेचून, सुक्या मिरचीच्या फोडणीवर टाकून वरून मुबलक ओलं खोबरं. सोबत ओले काजूगर मिळाले तर त्या दिवशी घरात पाहुणे असावेत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची कैरीची डाळ तर चुलीला फोडणीपुरतीच जवळ करते : भिजवलेली हरभऱ्याची डाळ जाडसर वाटून, त्यात कैरीचा कीस. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या घरी ही डाळ आणि पन्हं असतं. आंबट कैरी पाहून डाळीत साखर किती घालायची, यावर घराघरांत मतभेद असतात आणि ते मिटू नयेत.

मे सरता सरता पाणी राखण्याचा उद्योग उलटा होतो. गवारीच्या कोवळ्या शेंगा मीठ घातलेल्या ताकात बुडवून गच्चीवर पसरतात, कारल्याच्या चकत्या कडकडीत वाळवतात, कोहळ्याचा कीस डाळीच्या वाटणात घालून सांडगे तोडतात. तीन-चार कडक उन्हं लागतात. शेंग हातात घेऊन मोडली की टचकन तुटली पाहिजे. वाकली तर आत ओल आहे आणि बरणीत तिला बुरशी येणार. तुटणाऱ्या तेवढ्याच बरणीत भरायच्या, वाकणाऱ्या पुन्हा उन्हात.