शितावरून ढिगाची परीक्षा

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. आमची आई एक शीत चिमटीत दाबते आणि पातेले खाली उतरवते. तिचा निर्णय चुकत नाही. कारण एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला भात सगळा सारखा असतो. संख्याशास्त्राच्या तासाला नमुना-निवडीचा धडा सुरू झाला तेव्हा मला हीच म्हण आठवली. पण मनात आले, ढीग भाताचा नसून कारखान्याच्या राखेचा असेल तर?

अशा ढिगात आज एका भट्टीची राख पडते, उद्या दुसरीची. तो घातक की निरुपद्रवी हे ठरवण्यासाठी निरनिराळ्या जागांचे नमुने घेतात, ते आम्लयुक्त द्रावणात सुमारे १८ तास घुसळतात आणि किती शिसे पाझरले ते मोजतात. आपल्याकडील २०१६ च्या नियमांत शिशाची मर्यादा लिटरमागे ५ मिलिग्रॅम आहे, अमेरिकेतही तेवढीच.

समजा, एका ढिगाचे चार नमुने ३, ४, ४, ५ भरले आणि दुसऱ्याचे २, ३, ४, ७. दोन्हींची सरासरी ४ च! पण अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने सांगितलेली रीत सरासरीवर थांबत नाही. नमुने जितके विखुरलेले आणि जितके थोडे, तितकी जास्त भर सरासरीत घालायची. खरी सरासरी दहापैकी नऊ वेळा जिच्या आत राहावी अशी ही वरची मर्यादा. ती ५ शी ताडून पाहायची. मी वहीत गणित मांडले. पहिला ढीग ४.६७ वर थांबला नि सुटला. दुसरा ५.७७ वर गेला नि अडकला.

या भरीमागचे गणित डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडले. थोड्या नमुन्यांवरून किती बोलावे, हे एका 'विद्यार्थ्या'ने जगाला शिकवावे, याची मला मौज वाटते.

मौजेपेक्षा मोलाची वाटते ती यातली नीती. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. इथे तो ढिगाला न मिळता शेजारच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्यांना मिळतो. ढीग निर्दोष ठरवायचा असेल तर मालकाने आणखी नमुने तपासून घ्यावेत. आपल्या अज्ञानाची किंमत वस्तीने का मोजावी?

आकड्यांना हृदय नसते, असे आम्ही कला शाखेचे विद्यार्थी सहज बोलून जातो. मला तरी आता तसे म्हणवत नाही.