जांभ्यात रॉड ठोकताना

हॅम रेडिओचं लायसन्स आल्यावर घरात चर्चा झाली ती अँटेना कुठे लावायची याची. अर्थिंगचं कुणी काढलं नाही. पण आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, टेकाडावर. मेच्या अखेरीस आणि पुन्हा परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की अम्मी आजही घरातल्या सगळ्या पिना उपटून ठेवते. अशा घरावर लोखंडी पाईप उभा करायचा तर त्याची जमिनीशी गाठ पक्की हवी.

अमेरिकेतल्या हॅम मंडळींची आवडती युक्ती म्हणजे पाणी. लहान खड्डा करायचा, तो पाण्याने भरायचा आणि तांब्याचा मुलामा असलेला ८ फुटी रॉड हातानेच वरखाली करत खाली सरकवायचा. गाळाच्या जमिनीत हे छान जमतं. आमचा जांभा पाणी पिऊन टाकतो आणि रॉड तिथल्या तिथेच.

मग घण? स्टुलावर उभं राहून, डोक्याच्या वर डोलणाऱ्या रॉडवर १० पौंडी घण घालणं मला तरी मंजूर नव्हतं. त्यापेक्षा एका बाजूला झाकण बसवलेला जाड जीआय पाईप रॉडवर टोपीसारखा घालून उचलायचा आणि सोडायचा, हे बरं. घाव नेमका माथ्यावर बसतो. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे भाड्याचा ब्रेकर आणि त्याला रॉडचं डोकं मावेल असा वाटीसारखा बिट. ठोकून ठोकून डोकं फुलतं, म्हणून क्लॅम्प आधीच रॉडवर सरकवून ठेवावा.

जागा कुठली, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते मी आमच्या कब्रस्तानात कबर खोदणाऱ्या चाचांना विचारलं. गावातली जमीन त्यांच्याइतकी कोणाला माहीत?

"अंगणात नको. तिथे कमरेपर्यंत नुसता चिरा आहे. विहिरीकडच्या बाजूला जा, लवकर मऊ लागेल," ते म्हणाले.

तसंच झालं. वरचा कडक थर ड्रिलने फोडला, पुढचं काम ब्रेकरने केलं.

वायरमन मीठ-कोळसा घालायला निघाला होता. मीठ धातू खातं, आणि इथल्या पावसात ते वाहूनही जातं. मी बेंटोनाइट आणलं.

पण खरा वाद पुढेच झाला. "रेडिओची अर्थिंग वेगळी ठेवा, घराच्या अर्थिंगला लावू नका," असं तो ठामपणे सांगत होता. पुष्कळजण हेच सांगतात. आजूबाजूला वीज पडली की दोन वेगळ्या रॉडांच्या व्होल्टेजमध्ये मोठा फरक पडतो, आणि तो भरून काढायला करंट रेडिओतून, घराच्या वायरिंगमधून वाट काढतो. रेडिओला हात लावून बसलेला माणूस त्याच वाटेवर असतो. नुसत्या रॉडने हे टळत नाही, दोन्ही अर्थिंग जोडावीच लागतात. शेवटी मी १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणली आणि त्याच्यासमोरच दोन्ही जोडून घेतल्या.

तरीही ढग भरून आले की अँटेनाची केबल मी काढून खिडकीबाहेर टाकतो. अम्मी पिना उपटतेच आहे.