तक़सीम म्हणजे भागाकारच का?

सातवी-आठवीच्या वह्यांत एक ओळ हमखास सापडते: ३(क्ष + ४) = ३क्ष + ४. मराठी माध्यम असो की उर्दू, तीनाने पहिल्याला गुणायचं आणि दुसऱ्याला तसंच सोडून द्यायचं. माझ्या उर्दू माध्यमाच्या मुलांची अडचण तर आणखी एका पायरीने वाढते. मराठीत ज्याला वितरण गुणधर्म म्हणतात, त्याला उर्दूत तक़सीमी ख़ासियत म्हणतात. आणि पहिलीपासून त्यांच्या कानावर तक़सीम म्हणजे भागाकार! त्यामुळे गुणाकाराच्या गणितात तक़सीम कुठून आली, हेच काही मुलांना कळत नाही.

पण घरात हीच मुलं तक़सीम हा शब्द वाटण्यासाठीही वापरतात. ईदचा हिस्सा तक़सीम होतो, मशिदीत इफ्तारीचे पुडे तक़सीम होतात. म्हणून मी पुड्यावर येते. एका पुड्यात एक केळं आणि ४ रुपयांचे खजूर. केळ्याचा भाव रोज बदलतो, म्हणून तो क्ष. तीन पुड्यांचा खर्च किती? मग फळ्यावर ३क्ष + ४ लिहिलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, "टीचर, बाकी दोनों को खजूर नै मिला!" केळं ५ रुपयांचं धरलं तर एका पुड्याचे ९, तिघांचे २७ रुपये, चुकीच्या ओळीने येतात १९. मधले ८ रुपये त्या दोघांच्या खजुरांचे.

शहागंजच्या कापडदुकानात हा नियम कुणी नाव घेऊन वापरत नाही. १३५ रुपये मीटरचं कापड १२ मीटर घेतलं, तर दुकानदार कागद न घेता म्हणतो, दहाचे १३५०, दोनचे २७०, झाले १६२०. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त गुणाकाराचं उदाहरण नेमकं हेच आहे, १३५ गुणिले १२. तिथे १२ चे ८ आणि ४ असे खंड करून गुणलंय, १० आणि २ करूनही. शिवाय २० ने गुणून त्यातून ८ पट वजा करायची रीतही दिली आहे: २७०० वजा १०८०. कंसात वजाबाकी आली की माझा पुडा निकामी होतो. तेव्हा मी हेच उदाहरण काढते.

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटणादेवी लागते. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख तिथला आहे. त्यांच्या 'बीजगणिता'त अव्यक्त राशींचा, म्हणजे आपल्या क्षचा गुणाकार करताना अंकगणितातली खंडांची रीतच वापरायला सांगितली आहे. आपली पुस्तकं अंकगणितातून बीजगणितात जाताना नवा दरवाजा उघडल्यासारखा आव आणतात, ते मला पटत नाही. दरवाजा तोच आहे.

'लीलावती'चा फारसी अनुवाद अकबराच्या सांगण्यावरून फैज़ीने १५८७ मध्ये केला. 'बीजगणित' फारसीत आणलं ते शाहजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास, अताउल्लाह रशीदी यांनी. ताजमहालाचे वास्तुविशारद उस्ताद अहमद लाहोरी यांचे हे चिरंजीव. आणि आमच्या बीबी का मक़बऱ्याच्या मुख्य दरवाजावरच्या लेखात वास्तुविशारद म्हणून याच अताउल्लाह यांचं नाव आहे, अभियंता म्हणून हंसपतराय यांच्यासोबत. ज्या इमारतीपुढे आमची मुलं सेल्फी काढतात, ती उभी करणारा माणूस भास्कराचार्यांचं बीजगणित वाचून फारसीत उतरवून बसला होता! शहरातल्या किती शिक्षकांना हे ठाऊक आहे? निदान मुलांना तरी सांगूया.

मक़बऱ्याचं आवार सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद. सहलीच्या आदल्या दिवशी मी क्षेत्रफळ काढायला देते, कॅल्क्युलेटरशिवाय. कुणी ४५८ ला आधी २०० ने आणि मग ७५ ने गुणतं: ९१,६०० अधिक ३४,३५०. कुणी ४६० धरतं आणि शेवटी २७५ ची दुप्पट काढून टाकतं: १,२६,५०० वजा ५५०. दोघांचंही उत्तर १,२५,९५० चौरस मीटर येतं, आणि मग कुणाची रीत सोपी यावर बसमध्ये भांडण सुरू होतं.