पसंतीचे जन्मसाल

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती चार माणसे पेन्सिलींना टोके काढून बसली होती, आणि चौघांचीही मागणी एकच होती : आमचे जन्मसाल सांगा. बँकेतून निवृत्त झालेले एक शेजारी, एक दंतवैद्य बाई, त्यांचे यजमान आणि माझा कॉलेजात जाणारा भाचा, अशी ती मंडळी. त्यांना हवे होते ते अर्थातच स्वतःचे नव्हे, तर त्यांनी मनाशी योजिलेल्या पात्रांचे जन्मसाल. कारण टॉल्किनने निर्मिलेल्या मध्यभूमीत आम्ही एक भूमिकाखेळ मांडणार होतो, ज्यात खेळाडू आपापल्या पात्रांच्या वतीने बोलतात, संशयाच्या जागी फासे कौल देतात, आणि सूत्रधार, ज्यास या छंदातले लोक गेम मास्टर म्हणतात, तो उरलेल्या सबंध जगाच्या वतीने उत्तरे देतो. जग ठरले होते, नकाशा भिंतीवर लागला होता. साल मात्र मुक्रर व्हावयाचे होते, आणि तो अखत्यार सूत्रधार या नात्याने माझा होता.

वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या अखत्याराने माझी दोन-तीन रात्रींची झोप उडविली, हे कबूल करण्यास मला संकोच वाटत नाही. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा अखेरचा खंड १९५५ साली प्रसिद्ध झाला, त्याच्या परिशिष्टांत ग्रंथकर्त्याने आपल्या जगाची कालानुक्रमणी जोडलेली आहे. दुसरे युग ३४४१ वर्षांचे, तिसरे ३०२१ वर्षांचे. आणि या अफाट मुदतीतली कित्येक दशके एकेका ओळीवर बोळविलेली. पहिल्या युगाकडे मी फिरकलो नाही, कारण तेथील शोकांतिका इतक्या उत्तुंग आहेत की आमच्या टेबलावरील चहा-चिवड्यास त्या शोभल्या नसत्या. चौथ्या युगाविषयी म्हणाल, तर खुद्द टॉल्किनने त्या काळातली एक कथा आरंभून थोडक्या पानांतच सोडून दिली. तेथे आम्ही कशाला जावे?

भाच्याचा हट्ट होता तो अंगठीच्या महायुद्धाचा. "मामा, मोठी लढाई जिथे आहे तिथेच खेळायचं ना?" हे त्याचे म्हणणे वयास धरून होते, पण तिसऱ्या युगातील २३ सप्टेंबर ३०१८ रोजी कथानायक फ्रोडो अंगठी घेऊन घर सोडतो आणि २५ मार्च ३०१९ रोजी अंगठीचा नाश होतो, त्या सहा महिन्यांतला जवळजवळ प्रत्येक दिवस ग्रंथकर्त्याने, चंद्राच्या कलांचा हिशेब ठेवून, आपल्या माणसांस वाटून दिलेला आहे. तेथे आम्ही गेलो असतो तर परक्याच्या लग्नात वाढप्याचे काम तेवढे आमच्या वाट्यास आले असते. आणि फाशांच्या लहरीने फ्रोडोच वाटेत मारला गेला असता, तर ज्या जगाच्या ओढीने आम्ही जमलो, ते जगच आमच्या हातून मोडले असते.

शेजाऱ्यांची तजवीज अधिक पोक्त होती. २०११ साली निघालेल्या 'द वन रिंग' या खेळाने आपला आरंभ २९४६ सालावर ठेवला, म्हणजे पाच सैन्यांच्या लढाईनंतर पाच वर्षांनी. पुढील आवृत्तीने तो २९६५ वर आणला. ड्रॅगन मेला आहे, उत्तरेकडील व्यापाराचे रस्ते पुन्हा वाहते झाले आहेत, आणि २९५१ साली दुष्ट साउरोनने आपल्या मोर्डोर मुलखात उघडपणे डोके वर काढले आहे, असा हा संधिकाल. त्याची मोहिनी मी नाकारीत नाही. परंतु उदगीरच्या विजयाची १७६० सालातली हकीकत वाचताना मराठी वाचकास जसे पुढील जानेवारीतले पानिपत आधीच दिसू लागते, आणि मग त्या विजयाच्या साखरेची चव तोंडात टिकत नाही, तसेच येथे होते : प्रत्येक वाट ३०१८ कडे उतरते, आणि तेथे पोचल्यावर सूत्रे दुसऱ्यांच्या हाती जातात.

माझे मन जडले ते १६४० या सालावर. १९८४ साली अमेरिकेत निघालेल्या 'मिडल-अर्थ रोल प्लेइंग' या जुन्या खेळाने आपला डेरा याच सालाच्या आसपास टाकला होता. १६३६ साली महामारी आली. मोर्डोरच्या शेजारील गोंडोर राज्याचा राजा तेलेम्नार आणि त्याची सर्व मुले तीत गेली, दरबारचा शुभ्र वृक्ष वाळला, आणि गादीवर आलेल्या पुतण्याने, तारोंदोरने, १६४० साली राजनिवास ओस पडत चाललेल्या ऑस्गिलिअथहून मिनस अनोरला कायमचा हलवून तेथे त्या वृक्षाचे रोप लावले. महायुद्धाला अजून तेराशेहून अधिक वर्षे अवकाश! येथे आपण मोकळे आहो, असे मला प्रथम वाटले.

तो भ्रम होता. कारण याच महामारीच्या मागोमाग आणखी एक गोष्ट नमूद आहे : मोर्डोरच्या सरहद्दीवरचा पहारा बंद पडला आणि खिंडींतील किल्ले शिबंदीवाचून राहिले. त्यांतलाच एक सिरिथ उंगोलचा बुरूज. त्याची रचना मला फार वर्षांपासून अस्वस्थ करीत आली आहे. गोंडोरच्या लोकांनी तो बांधला तो शत्रूस मोर्डोरमध्ये येऊ न देण्यासाठी नव्हे, तर आतले अरिष्ट बाहेर पडू नये म्हणून, आणि पुढे तोच बुरूज त्या अरिष्टाच्या चाकरीस लागला. म्हणजे शेवट येथेही ठाऊक होताच. मग २९६५ ला दिलेला नकार १६४० ला का देऊ नये? पुष्कळ विचाराअंती मला जे उमगले ते असे की, शेवट ठाऊक असल्याने खेळ मरत नाही, शेवटाचा धनी दुसराच कोणी असला म्हणजे मरतो. अंगठीच्या नाशास धनी आहे; पहारा उठण्यास नाही. तो कोणाच्या हुकमाने उठला, कोणत्या महिन्यात, शेवटचा शिपाई कोणत्या दाराने बाहेर पडला, याची एक ओळ नाही. आणि जे कोणीच केले नाही, ते करावयास माझ्या चौघांना जागा होती.

दंतवैद्य बाईंनी आपले पात्र योजिले ते सिरिथ उंगोलच्या शिबंदीच्या कारकुनाचे! भाच्याने नाक मुरडले. पण तिसऱ्या रविवारपर्यंत बाईंनी वहीच्या पानांवर हजिरीपट आखून महिन्यागणिक कमी होणारी नावे अशा संथपणे खोडली होती, की फासे हातात घेऊन आम्ही सगळे त्या पानाकडेच पाहत राहिलो. चाळीस नव्या शिपायांसाठी त्यांनी अर्ज लिहिला, आणि तो घेऊन भाच्याचा स्वार ऑस्गिलिअथला पोचला, तेव्हा दरबारचे दफ्तर गाड्यांवर चढत होते. ती माणसे मंजूर करणे माझ्या हाती होते. मी गाडीजवळच्या मुनशीकरवी अर्ज अदबीने घेवविला, बासनात ठेवविला, आणि बासनाला दुहेरी गाठ मारविली.

"मामा, नव्या जागी हे बासन सोडणार कोण?" भाच्याने विचारले.

मी नकाशाकडे पाहू लागलो. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाई पट्टी घेऊन पुढल्या महिन्याचा हजिरीपट आखीत होत्या, आणि खाली चाळीस ओळी कोऱ्या सोडीत होत्या.