प्रथिनाचा शेजार

कराडहून चिपळूणच्या रस्त्याला लागलं आणि हेळवाक जवळ आलं, की मला घरचा वास येतो. ओल्या मातीचा आणि चुलीच्या धुराचा. गेल्या ऑगस्टात तो वास घ्यायला गाडीत आमची अख्खी प्रयोगशाळा होती. पुण्याच्या विद्यापीठात पेशीपटलातल्या प्रथिनांची रचना शोधणारे आम्ही सहा जण. तीन वर्षं मी सगळ्यांना कोयनानगरला बोलावत होते आणि माझं प्रोटीन मार्गी लागल्याशिवाय सुट्टी घ्यायची नाही, असंही मीच ठरवून बसले होते.

प्रत्येक पेशीभोवती मेदाचं दुहेरी पटल असतं. त्याची जाडी जेमतेम पाच नॅनोमीटर. त्यात रुतून बसलेली प्रथिनं पेशीची दारं सांभाळतात: क्षार, साखर, औषध, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही. पीटर ॲग्रे यांनी शोधलेल्या ॲक्वापोरिनमधून सेकंदाला पाण्याचे सुमारे 300 कोटी रेणू जातात. 2003 साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आज वापरातल्या निम्म्याहून अधिक औषधांचं लक्ष्य पटलातलीच प्रथिनं असतात. अशा दाराचा आकार समजला, की ते कुठे अडतं हे कळू शकतं.

पण तो आकार सहजी दिसत नाही. या प्रथिनाचा मधला भाग तेलकट जागेत रमणारा, टोकं पाण्यात रमणारी. बघायचं तर पटलातून सोडवावं लागतं, म्हणजे साबणाच्या जातीचं डिटर्जंट वापरून मेद धुवावा लागतो. धुतलं की ते पाण्यात उघडं पडतं, एकमेकांना चिकटतं आणि तळाशी गाळ होऊन बसतं. रचना बघायला तेव्हा प्रथिनाचे स्फटिक लागायचे, आणि पटलातल्या प्रथिनांचे स्फटिक होणारच नाहीत, असं एके काळी बहुतेकांचं मत होतं. हार्टमुट मिशेल मात्र मागे लागून राहिले आणि 1985 मध्ये योहान डायझेनहोफर व रोबर्ट हुबर यांच्यासह त्यांनी अशा प्रथिनाची रचना अणूंपर्यंत उलगडली. तीनच वर्षांत तिघांना नोबेल मिळालं.

माझा गाळ दोन वर्षं चालला. दर आठवड्याला दहा-दहा लिटर जिवाणू वाढवायचे, फोडायचे, पटल वेगळं करायचं, चार अंशांच्या कोल्डरूममध्ये स्वेटर घालून रात्रभर राबायचं. शेवटी हातात यायचं एक मिलिग्रॅमही नाही आणि तेही सकाळपर्यंत बसलेलं. एका पहाटे नळीच्या तळाचा तो पांढरा थर बघून मी कोल्डरूममध्येच रडले. आमच्या सीनियरनं काही न बोलता ती नळी माझ्या हातातून घेतली आणि मला चहाला नेलं.

तिथेच ती म्हणाली, "तू फार स्वच्छ धुतेयस. त्याच्या अंगाला चिकटलेला मेदसुद्धा काढून टाकतेयस."

मग सगळे लागले. एकानं सौम्य डिटर्जंट शोधलं. केरळहून आलेल्या मैत्रिणीनं नॅनोडिस्क करून दिल्या. नॅनोडिस्क म्हणजे मेदाची इवलीशी चकती आणि तिच्याभोवती एका प्रथिनाचा कमरपट्टा. रक्तात चांगलं कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या प्रथिनापासून तो बनवतात. पेशीतल्या घरातून काढलेल्या प्रथिनाला त्या चकतीत उसनं अंगण मिळतं. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी स्वतःची कामं बाजूला ठेवून माझ्यासोबत दोन रात्री प्रथिन शुद्ध करणाऱ्या स्तंभापाशी काढल्या. पडद्यावरच्या आलेखात एकच उंच, नेटकं शिखर आलं, म्हणजे प्रथिन गाळ न होता टिकलं, तेव्हा ते बघायला सहाही जण कोल्डरूममध्ये दाटीवाटीनं उभे होते.

नमुना गोठवून आम्ही बंगळूरच्या एनसीबीएसमधल्या राष्ट्रीय क्रायो-ईएम सुविधेत, म्हणजे गोठवलेले नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात तिथे, नेला. लाखो कणांच्या धूसर छायाचित्रांची सरासरी काढत काढत नकाशा उभा राहिला. प्रथिनाच्या एका खाचेत दोन लांबट रेषा दिसत होत्या. इतकं धुऊनही न सुटलेले, पेशीतूनच सोबत आलेले मेदाचे दोन रेणू.

हे सगळं मी कोयनानगरच्या घरी आजीला सांगितलं ते नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढून झाल्यावर. दिवसभर आम्ही कोयना धरणाचे दरवाजे उचललेले बघितले होते. तुषारांनी सगळे भिजलो होतो.

"तुमी सा जणं मिळून येवढं काय बघता गं?"

"पेशीच्या भिंतीत दारं असतात, आजी. धरणाच्या सहा दरवाजांसारखी. दार कसं उघडतं ते बघायचं, तर ते भिंतीतून काढावं लागतं. आणि काढलं की मोडतं."

"मोडंलच की. चौकटीबिगर दार टिकतंय व्हय?"

मग ती बोलत राहिली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागला तेव्हा ती नवी नवरी होती. सासरचं गाव पाण्याखाली गेलं. भावकी पांगली, कोणी सोलापूरकडे, कोणी सांगलीला, कोणी थेट रायगडात. बोटांवर तिनं आपल्या आळीतली सात घरं मोजली. सुताराचं, गुरवाचं, बाळंतपणाला धावून येणाऱ्या म्हातारीचं. "जमिनीचं कागद झालं. पर शेजाराचा कागद कुटं आस्तोय?"

वर येऊन बांधलेलं घर 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपात तिच्या अंगावर आलं. "तवा ज्यांनी मला बाह्येर काढलं, ती बी आमच्यावानीच पाण्यानं उठवल्याली माणसं. त्यांचं नाव बी मला धड ठावं न्हवतं." त्या माणसांच्या घराशी आमचा घरोबा आजही आहे.

आजीचं आयुष्य माझ्या प्रयोगाचं उदाहरण नाही. ते फार मोठं आहे. पण दोन वर्षं मी प्रथिनाला एकटं पाडून त्याचा खरा आकार शोधत होते, ही चूक मला पुस्तकांपेक्षा त्या ओसरीवर जास्त लख्ख दिसली. त्याचा आकार शेजारानं धरून ठेवलेला असतो. आणि मला त्या पहाटे चहाला नेणारी सीनियर माझ्या शेजारीच बसून पिठलं पुसून खात होती.

निघताना आजीनं सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला आणि मला विचारलं, "मंग त्या तुज्या दाराचा शेजार घावला का?"

"दोघं सापडले, आजी."

"आन् बाकीचं?"

"शोधतोय."

"शोदा. आस्तील कुटंतरी."