‘गुरुजी, तुम्ही राहता कुठं?’

सुनावणीला बसलेल्या साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला होता. “गुरुजी, तुम्ही स्वतः राहता कुठं? बिल्डिंगमध्येच ना?” खोलीतले दोघं-तिघं हसले आणि शिपायानं पुढचा नंबर पुकारला. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. रिटायर होऊन मी येलदरीला परत आलो, वसईतलं पुष्कळ काही विसरलो. तो प्रश्न मात्र अजून खुपतो.

मी जिंतूर तालुक्यातल्या येलदरीचा. डी.एड. करून मराठवाड्यातली पोरं ठाणे जिल्हा परिषदेत मास्तर म्हणून लागायची, तसा मीही लागलो. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. पुढं स्टेशनच्या बाजूला हप्त्यानं वन-रूम-किचन घेतलं.

१९८८ मध्ये सरकारनं वसई-विरारचा हरित पट्टा बांधकामाला खुला केला. मुंबईत घर न परवडणारी माणसं लोकलनं इकडं येऊ लागली. इमारती आधी झाल्या, नळ मागून आले. मधल्या काळात पाणी कुठलं? वाड्यांतल्या विहिरींचं. टँकरवाले मोटार लावून दिवसरात्र उपसा करायचे. समुद्रकाठच्या जमिनीत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत असतं. वरचं उपसत गेलं की खालचं खारं वर येतं आणि मग केळी, पानवेल, माणसं, कुणाच्याच ते कामाचं राहत नाही. यातूनच हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढं होते. ख्रिस्ती, हिंदू, वाडीवाले, मास्तर, बायाबापड्या, सगळे त्यांच्या मागं मोर्चात चालले. धमक्यांना न जुमानता चालले. २०२० मध्ये फादर उस्मानाबादला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आमच्याकडचे लोक मला विचारायचे, हे फादर कोण? मी सांगायचो, पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेला माणूस आहे तो. २०२४ च्या जुलैत ते गेले.

आता त्या सुनावणीचं. एका आराखड्यावर हरकती मागवल्या होत्या. कार्यालयाचं आणि साहेबांचं नाव मी लिहीत नाही. माझ्या सहकारी शिक्षिकेचे वडील, त्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, यांची वाडी त्या नकाशात रहिवासी पट्ट्यात गेली होती. वाडीच्या कडेला त्यांचं बावखल होतं. आमच्याकडच्या वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतलं लहान तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, आजूबाजूच्या विहिरींना पाझरतं. काठावर नारळ, आत मासे, एका बाजूनं उतरायला पायऱ्या. नानांच्या बावखलाच्या खालच्या पायरीवर शेवाळाची एक रेघ होती. पाणी त्या रेघेखाली गेलं की नाना मोटार बंद ठेवायचे, केळी सुकली तरी. त्यांच्या वडिलांपासूनचा हा नेम.

नकाशात ते बावखल नव्हतंच. तिथं कोरी जमीन दाखवलेली. आमची हरकत एवढीच होती, की पाणी आहे तिथं पाणी दाखवा. मी अर्ज लिहून दिला, पोच घेतली, सातबाराची नक्कल आणि फोटो जोडले. त्या भागात राहणारा म्हणून स्वतःच्या नावानंही वेगळी हरकत टाकली.

सुनावणीच्या दिवशी सकाळी दहाला बोलावलं होतं. नंबर लागला दुपारच्या जेवणानंतर. नाना ऐंशीच्या घरातले, धोतर-टोपी घालून, फोटोंची पिशवी मांडीवर धरून बाकावर बसले होते. आत गेल्यावर कळलं, की एकसारख्या मजकुराच्या हरकती एकत्र केल्या आहेत आणि गटातला एकच जण बोलेल. नानांचा मजकूर कुणासारखाच नव्हता. त्यांच्या बावखलासारखं दुसरं बावखल नकाशातून गळलं असतं तर मजकूर सारखा निघाला असता ना! तरी त्यांना गटात घातलं. “सर्व्हे नंबर सांगा.” सांगितला. “रेकॉर्डला पाणी नाही.” नानांनी फोटो काढायला पिशवीत हात घातला. साहेब म्हणाले, “फोटो असू द्या, साइट व्हिजिट झालेली आहे.” कधी झाली, कोण आलं होतं, नानांच्या घरच्या कुणाला ठाऊक नव्हतं. मग माझ्याकडं बघून तो प्रश्न.

त्याचं उत्तर मला तिथं सुचलं नाही असं नाही. बोलू दिलं नाही. आज लिहितो. साहेब, मी राहतो बिल्डिंगमध्येच. म्हणूनच मला ठाऊक आहे, की नळ कोरडा पडला की टँकर कुणाच्या विहिरीवर जातो. बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यानं पाण्याबद्दल बोलायचं नाही आणि वाडीवाला बोलला तर तो विकासाच्या आड येतो, मग बोलायचं कुणी? प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा आहे. त्याच्या कलम २६ मध्ये हरकत घेणाऱ्यानं कुठं राहावं असं काही लिहिलेलं नाही. कुणीही घ्यावी.

बाहेर आल्यावर नाना मला म्हणाले, “मास्तर, त्यांनी पिशवी तरी उघडू द्यायची होती.” बाकी काही बोलले नाहीत. निकाल विरोधात गेला, पण मला राग त्या निकालाचा कमी आणि त्या न उघडलेल्या पिशवीचा जास्त आहे. विरोधात निकाल द्या, हरकत नाही. बघून द्या.

माझ्या दादाला, म्हणजे वडिलांना, तेवढंही मिळालं नव्हतं. पूर्णेवर येलदरीचं धरण झालं तेव्हा आमची काळी जमीन बुडीतात गेली. त्या वेळी हरकत-सूचना कुठली! राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ ला, आणि आमचं धरण साठच्या दशकातच बांधून झालं होतं. मावेजा हातात पडला, तो दोन लग्नांत गेला. पण एक सांगायला हवं. धरण भरलं की दादा बांधावर जाऊन पाण्याला हात जोडायचा. परभणी शहराची तहान या पाण्यावर भागते, खाली कालव्यांनी जमिनी भिजतात, वीज होते. माझं मन इथंच घोटाळतं. बुडालेल्या जमिनीचं दुःख खरं आणि त्या पाण्याचा अभिमानही खरा.

घरांचंही तेच. माझा पुतण्या नालासोपाऱ्याला स्वस्तात खोली घेऊन संसाराला लागला, तेव्हा मी इथून पेढे घेऊन गेलो होतो. त्याची इमारत कुणाच्या तरी भातशेतीवरच उभी असणार. म्हणून जे लोक ‘इमारतीच नकोत’ म्हणायचे, त्यांच्याशी माझं तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. मुंबईत झाडू मारणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या माणसानं राहावं कुठं? पण २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा पाण्याखाली गेलं, रेल्वे बंद पडली, अडकलेल्या गाडीतली माणसं बोटीनं काढावी लागली. तेव्हा त्याच पुतण्याच्या घरात गुडघाभर पाणी होतं. भराव टाकून वाटा बुजवल्यावर पाणी जाणार कुठं? गावं हेच सांगत होती. २००९ ला चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून महानगरपालिका झाली, तेव्हा गावकरी आम्हाला शहरात घालू नका म्हणून भांडले. २०११ मध्ये २९ गावं वगळायचा निर्णयही झाला, आणि तो वर्षानुवर्षं कोर्टात अडकला.

हे सगळं आता लिहायचं कारण, आमच्या भागातही रस्त्याकडेला प्लॉटिंगच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. परवापर्यंत तूर होती त्या रानात चुन्याच्या रेघा. माझ्या तरुण मित्रांना सांगणं आहे, की आराखड्याची नोटीस निघाली की स्वस्थ बसू नका. मुदत थोड्याच दिवसांची असते. भूमी अभिलेखमधून जुना गावनकाशा काढा, त्यात नाले आणि पाणंद रस्ते असतात. ते नव्या नकाशाशी ताडून बघा. प्रत्येकानं आपल्या शब्दांत हरकत लिहा, छापील फॉर्म भरू नका, नाही तर शंभर जणांची एक हरकत होते. पोच घ्या. सुनावणीला एकटे जाऊ नका.

माझ्या भाच्यानंही जिंतूरजवळ एक प्लॉट बघितलाय. मी त्याच्यासोबत जाऊन आलो. प्लॉटच्या मागच्या बाजूला लव्हाळा वाढलेला आहे, म्हणजे तिथून पाणी वाहतं. मी म्हणालो, “एक पावसाळा जाऊ दे, मग ठरव.” तो म्हणाला, “मामा, हा भाव दिवाळीपर्यंतच हाय. इसार देऊन टाकलाय मी.” मी गावनकाशाच्या नकलेसाठी अर्ज केला आहे. नाला निघाला तर इसार परत मागायला त्याच्यासोबत मीच जाणार आहे.